पिवळ्याचा हिरवा

स्वतःचा नियोजक परवडत नाही
अशी सात गावं माझ्या वाट्याला आली आहेत.
डिकीत नकाशांची नळकांडी, रंगीत टिकल्यांची पाकिटं,
आणि समोर मक्याच्या शेतांमधून
झोप आणणारा सरळसोट रस्ता.

आज गुरुवार, म्हणजे वेल्डन फोर्ड, आयोवा.
वस्ती सहाशे अकरा.
वेशीवरच्या पाटीवर अजून आठशे चाळीस.
इथली नगरपालिका म्हणजे आर्डिथ.
पाणीपट्टी तीच घेते, कुत्र्यांचे परवाने तीच देते,
दफनभूमीतल्या जागांची वही तिच्याच खणात,
आणि बर्फ साचला की शिव्याही तिलाच.

सभा अग्निशामक दलाच्या शेडमध्ये.
बंब बाहेर काढला की साठ खुर्च्या मावतात.
भिंतीवर मी गाव चिकटवलं.
आमच्याकडे पिवळा म्हणजे घरं, लाल म्हणजे दुकानं,
जांभळा म्हणजे कारखाना
(तो बंद पडून नऊ वर्षं झाली, जांभळा तसाच आहे),
हिरवा म्हणजे जिथे कुणी राहत नाही.

नदीकाठची तेवीस घरं
दोन पुरांनंतर मी पिवळ्याची हिरवी केली आहेत.
माऊसची एक टिचकी पुरली.
सरकार ती विकत घेईल, पाडेल, वर गवत पेरेल,
तिथे पुन्हा कधीही काही बांधता येणार नाही.
‘कधीही’ हा शब्द करारात आहे.
मी तो सावकाश वाचला.

ग्लेंडा ह्रुस्कानं विचारलं,
तेवीस नळ बंद, मग टाकीचं कर्ज उरलेल्यांनी फेडायचं का.
माझ्याकडे त्याचा तक्ता होता. उत्तर नव्हतं.
मागून एक पोरगा म्हणाला, कुत्र्यांना पळायला जागा होईल,
आणि त्याच्या आईनं त्याच्याकडे असं पाहिलं
की कॉफीच्या टाकीचा खदखदाटही ऐकू आला.

मग ऑर्विल क्लाइनश्मिट उठला.
गुडघे धरत तो नकाशापर्यंत येईतो
सगळी रांग पाय आखडून बसली.
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
“हे माझं. सतरा नंबर.”
हो, मी म्हणाले.
“म्हणजे हिरवा.”
हो.
“कुठला हिरवा? कापायचा की वाढू द्यायचा?”

मी गप्प.

“लोइसनं कुंपणाशी रुबार्ब लावला होता.
यंत्र कुठल्या अंगानं आत शिरणार तेवढं सांगा.
आधी हलवीन म्हणतो.”

नकाशाच्या सूचीत विजेच्या खांबाला खूण आहे,
मॅनहोलला आहे, वठलेल्या झाडालाही आहे.
उत्तरेकडून, मी म्हणाले. बहुतेक.

त्यानं दोन टिकल्या मागितल्या.
हिरवी, म्हणजे ‘मान्य’, घरावर लावली,
अंगठ्यानं दाबून, तिकीट लावावं तशी.
आणि लाल, नदीकडे तोंड करून
मी मोठ्या हौसेनं काढलेल्या बाकावर.
“इथं नको. इथं आमचं न्हाणीघर आहे.”

आधी तोच हसला. मग शेड हसली.
ग्लेंडा हसली नाही.

रात्री ऑफिसात बाक बारा फूट सरकवला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: नागरिकांची सूचना.

पुढच्या गुरुवारी आर्डिथच्या खिडकीवर
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गड्डा,
मातीसकट, वर चिठ्ठी नाही.
“सगळ्यांना वाटतोय,” ती पावत्यांवरून मान न उचलता म्हणाली.
“तुझ्या वाटणीचा आहे. सुकू देऊ नकोस.”

मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते.
सात गावांची जमीन कशाला वापरायची ते ठरवते,
आणि वीतभर मातीही नावावर नाही.

गड्डा रात्रभर डिकीत, नळकांड्यांच्या मध्ये.
शुक्रवारच्या गावात, वाचनालयाच्या मागे,
जेवणाच्या सुट्टीत, मोजपट्टीच्या टोकानं
मी खड्डा खणला.
परवानगी कुणाची घ्यायची ते मला तोंडपाठ आहे.
घेतली नाही.

नकाशात तो तुकडा राखाडी आहे: वापर ठरलेला नाही.
मी अजून तसाच ठेवलाय.